फाटकावरचा दोर

सरपंच : वा! वा वहिनी, मानलं तुम्हाला! मी सांगायच्या आधीच फाटकावर दोर बांधून मोकळ्या झालात. आणि काय वळलाय! पेंढा नवा, पीळ डावा, एकदम जुन्या पद्धतीचा. फक्त एक राहिलं. मिरच्या कुठायत?

वहिनी : मिरच्या नाहीत.

सरपंच : अहो, मिरच्यांशिवाय कसली शोभा? नुसता कोळसा आणि पाइनच्या डहाळ्या. काळ्यावर काळं. फोटोत काय दिसणार? समिती खाली पोचलीय. मोठ्या झाडाखाली बसून पातीच्या कांद्याची धिरडी खातायत, दारूचा दुसरा वाडगा चाललाय. तेवढ्यात मी पळत वर आलो. थांबा, खालच्या चक्कीघरावर पाहुण्यांसाठी लटकवलेल्या दोरातल्या चार मिरच्या काढून आणतो. प्लास्टिकच्या आहेत, पण लांबून कळत नाही.

वहिनी : भावजी, पाय मागे घ्या.

सरपंच : काय?

वहिनी : पाय. दोराच्या आत येतोय तुमचा. मागे घ्या म्हणते ना.

सरपंच : वहिनी, मी काय समिती आहे? माझ्यापुढे कशाला नाटक?

वहिनी : नाटक तुमच्या चक्कीघरावर टांगलंय. हा दोर खरा आहे.

सरपंच : खरा म्हणजे?

वहिनी : खरा म्हणजे खरा. मुलगी झाली.

सरपंच : कुणाला?

वहिनी : मला! अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी! अहो, कुणाला काय विचारता, माझ्या सुनेला, थोआला झाली. परवा पहाटे, शहरातल्या दवाखान्यात. काल दिवस मावळताना घरी आणली, आणि मी दोर बांधला.

सरपंच : पण तारीख तर महिनाअखेरची होती!

वहिनी : तिला तुमच्या कार्यक्रमाचा कागद कुणी दाखवला नव्हता. दोन दिवस तुम्ही राजधानीत समितीच्या मागेपुढे करत होतात, तुम्हाला कोण कळवणार? गावाला कळलंय. गाव दोर बघतं नि मागे फिरतं. सकाळपासून एक माणूस आत आला नाही. समुद्री शेवाळाची जुडी, तांदळाचं पोतं, सगळं फाटकाबाहेर ठेवून गेले.

सरपंच : म्हणजे खरंच? आपल्या दालबात गावात मूल? अहो वहिनी! अभिनंदन! शेवटचं मूल झालं ते ग्वाकच्या घरी, ते पोर आता सैन्यात बंदूक धरून उभं आहे! आपल्या तरुण मंडळाचा अध्यक्ष त्रेसष्ट वर्षांचा, आणि आता तुमच्या घरात... कशी आहे? कुणावर गेलीय?

वहिनी : हळू बोला. उठेल. कुणावर काय, उकडलेल्या रताळ्यासारखी आहे. अजून कुणावरच नाही गेली.

सरपंच : आणि थोआ? बरी आहे ना?

वहिनी : बरी आहे. बाळंतिणीचं शेवाळाचं सार पितेय. नाक मुरडत पिते, पण पिते.

थोआ : ऐकू येतंय, आई. दार कागदाचं आहे.

सरपंच : थोआ! अभिनंदन हं! मोठं काम केलंस!

थोआ : धन्यवाद, सरपंचसाहेब.

सरपंच : वा. फार छान झालं. फार आनंद झाला. तर आता वहिनी, असं करू. अर्धा तास. फक्त अर्धा तास हा दोर काढून ठेवू...

वहिनी : काय म्हणालात?

सरपंच : समिती आत येईल, ओसरी बघेल, तुमच्या सोयाबीनच्या चटणीचे रांजण बघेल, गेली की परत बांधायचा. मी स्वतः बांधतो. शिडी आणून.

वहिनी : दोर आहे भावजी, दुकानाची पाटी नव्हे. आता बंद, जेवून आल्यावर उघडं, असं नसतं त्याचं. बाळंतिणीच्या घरावर दोर चढला की तीन आठवडे बाहेरचं माणूस आत नाही. तुमच्या आईनंही बांधला होता, तुम्ही झालात तेव्हा. बांधला नसता तर बरं झालं असतं असं आता वाटतं.

सरपंच : चेष्टा नका करू. तुमचं घर पहिलं आहे. दीडशे वर्षांचं गवती छपराचं घर. तिथूनच सुरुवात.

वहिनी : छप्पर मागच्या आठवड्यातलं आहे. तुम्हीच तर वर चढला होतात आणि पँट फाटून खाली आलात.

सरपंच : घर दीडशे वर्षांचं, छप्पर मागच्या आठवड्याचं. यालाच तर परंपरा म्हणतात! वहिनी, समजून घ्या. 'जिवंत परंपरेचं गाव' असा बिल्ला मिळणाराय आपल्याला. तीन वर्षं मी त्यासाठी जोडे झिजवले. बिल्ला मिळाला की बसगाड्या दुप्पट येतील.

वहिनी : येतील तर. आणि दुप्पट लोक माझी दारं सरकवतील.

सरपंच : कोण सरकवतं दारं?

वहिनी : अच्छा! तुम्हाला माहीत नाही? उन्हाळ्यात, हिला सातवा लागलेला, तापलेल्या दुपारी पाय उशीवर टाकून जरा पडली होती. एका बाईनं दार सरकवलं, फोटो काढला, दार लावलं आणि गेली. आम्ही घरातलेच, आम्हाला विचारायचं कशाला? हे तर गावच बघायला ठेवलंय! दाराला कडी लावू म्हटलं, तर तुमचा नियम, कडी लावायची नाही. जुन्या घरांना कडी नसायची म्हणे. जुन्या घरांत बसगाड्या तरी कुठे यायच्या?

थोआ : फोटोखाली लिहिलं होतं, 'प्राचीन कोरियन वामकुक्षी'.

वहिनी : आणि खाली पन्नास जणांनी विचारलं, ही बाई कोरियन कशी दिसत नाही. मग सरपंचांनी काय केलं? बाईला दम दिला? नाही. हिलाच सांगितलं, बस आली की आत बस.

सरपंच : मी तसं नाही म्हटलं. मी म्हटलं, विश्रांती घे.

थोआ : दिवसातून दोनदा विश्रांती घ्यायला सांगितलं. बस अकराला येते आणि तीनला.

सरपंच : थोआ, तुला वाईट वाटलं का?

थोआ : नाही. मला दाराआडून तुमचं भाषण पाठ झालं. 'पाहुणेहो, हा पेंढ्याचा दोर म्हणजे आमच्या पूर्वजांचं शहाणपण. मुलगा झाला तर मिरच्या, मुलगी झाली तर कोळसा. या दोरानं आई आणि बाळ यांचं रक्षण होत असे. आता सर्वांनी रांगेत उभे राहून एकेकानं दोराखालून वाकून जायचं आहे.'

वहिनी : बघा. रक्षण होत असे. आता वाका.

सरपंच : ते चक्कीघराचं. ते वेगळं.

वहिनी : आणि तुम्ही स्वतः कुठे राहता भावजी? बांबूच्या बनामागे, सिमेंटच्या घरात. दाराला आकड्यांचं कुलूप. टुकटुकटुक केलं की उघडतं. मला फ्रीजला गवताची चटई गुंडाळायला लावलीत. टीव्ही गोधड्यांच्या पेटीत. परवा गोधडी काढताना रिमोट डोक्यात पडला.

सरपंच : माझं घर हद्दीबाहेर येतं, त्याला मी काय करू? बरं, ते राहू द्या. मागच्या दारानं नेऊ का त्यांना? मागे दोर नाहीये ना?

वहिनी : मागच्या दारी मी आहे.

सरपंच : मग बाळ-बाळंतिणीला अर्धा तास सभागृहात हलवलं तर? तिथेही जमीन तापवलेली आहे, मीच सकाळी बटण दाबून आलोय...

वहिनी : भावजी, आता एक शब्द पुढे बोललात तर हा झाडू बघा. घर राखायला बाळ बाहेर काढताय? उंटावरचे शहाणे तुम्ही, आणि आमच्याकडे तर उंटसुद्धा नाही.

सरपंच : वहिनी, तुमच्या पाया पडतो.

वहिनी : पडा. पण बाहेरच पडा. ऐका आता नीट, एकदाच सांगते. माझा सांगरोक कुठे गेलाय माहीत आहे?

सरपंच : औषधं आणायला असेल.

वहिनी : फ्लॅट बघायला. शहरात, अकराव्या मजल्यावर. काल बाळाला गाडीतून उतरवलं आणि माझ्या पोरानं मला इथे, ह्याच फाटकात, सांगितलं. आई, म्हणाला, दोर बांधतेस ना, बांध. तीन आठवडे ह्या दोराच्या आत बाहेरचं एकही माणूस आलं नाही, तर आम्ही राहतो. आलं, एक जरी आलं, तर सामान बांधतो. जिथे दोरालाही मान नाही, तिथे माझ्या पोरीला कसला मिळणार? असं म्हणाला. मी काय बोलणार? मी बोलले, नाही येणार कुणी. शब्द दिला मी. चिक्कार बोलते मी, पण शब्द देते कमी. हा दिलाय.

सरपंच : तो रागात बोलला असेल.

वहिनी : तो रागात बोलत नाही. बापावर गेलाय. थंडपणे बोलतो नि तसंच करतो.

सरपंच : म्हणजे हे तिघं गेले तर...

वहिनी : तर दालबातमधला सर्वांत तरुण माणूस तुमचा त्रेसष्टीचा अध्यक्ष. जिवंत परंपरा! लावा बिल्ला त्याच्या कोटाला.

सरपंच : थांबा. थांबा जरा. गुणांच्या कागदावर एक रकाना आहे. 'गावात प्रत्यक्ष जीवन आहे का.' त्यालाच सगळ्यांत जास्त गुण. मी त्यात काय दाखवायचं ठरवलं होतं माहितीये? ग्वाकचं कुत्रं. पिल्लं झालीत म्हणून.

वहिनी : चांगलं आहे. कुत्र्याचं दार तरी कुणी सरकवत नाही.

सरपंच : पण हे तर त्याच्याहून... वहिनी, आत यायची गरजच नाही! बाहेरूनच दाखवतो. खरा दोर! खरं बाळ! सबंध देशात आज कुठल्या गावात खरा दोर असेल सांगा? सगळीकडे प्लास्टिक! बाहेर उभं राहायचं, दोर बघायचा, आतून बाळाचा आवाज ऐकायचा. बाळ रडतं ना?

थोआ : कार्यक्रमानुसार नाही रडत.

सरपंच : एखादा हुंकार जरी आला तरी चालेल. आणि हो, त्यांनी विचारलंच... म्हणजे विचारतील असं नाही, पण समजा विचारलं, की बाळाची आई कुठली...

वहिनी : हं? तर?

सरपंच : तर काय सांगायचं? म्हणजे तसं काही नाही. पण समिती जुन्या वळणाची आहे. शुद्ध परंपरा वगैरे.

थोआ : सांगा, दक्षिणेकडची आहे. खोटं नाही.

वहिनी : तू गप गं. भावजी, मी कुठली?

सरपंच : तुम्ही? तुम्ही बोल्ग्योच्या.

वहिनी : पंचावन्न वर्षं झाली मला ह्या घरात येऊन. चार पिढ्यांच्या श्राद्धाची पानं मी वाढते, तुमच्या आजोबांसकट. आणि गाव अजून मला बोल्ग्योवाली म्हणतं. बोल्ग्यो इथून बसनं दोन तास. मग हिला घरची म्हणायला तुम्हाला किती पिढ्या लागतील, ते मी आत्ताच मोजून ठेवते, म्हणजे वर गेल्यावर तुमच्या आजोबांना सांगता येईल. आणि ह्याच हिनं यंदा पेंढ्याचे भारे वाहिले छपरासाठी, पोट पुढे घेऊन. तेव्हा विचारलंत का कुठली म्हणून?

सरपंच : तेव्हा माणसं कमी होती.

वहिनी : हो ना! काम असलं की आपली, कॅमेरा आला की कुठली.

सरपंच : वहिनी, मी हात जोडतो. आत कुणी येणार नाही. माझा शब्द. मी स्वतः इथे उभा राहतो, फाटकाशी.

वहिनी : तुमचा शब्द! चोराच्या हाती किल्ली.

सरपंच : आले वाटतं. कोपऱ्यावरून वळले. वहिनी, निदान चेहरा तरी जरा...

वहिनी : चेहराही दीडशे वर्षांचाच आहे. असाच राहू दे.

(समिती फाटकाशी येते. समितीचं बोलणं इथे दिलेलं नाही. त्यातलं बरंचसं गावच्या माहितीपत्रकात छापलेलंच आहे.)

सरपंच : या, या अध्यक्षबाई! जपून, दगड ओले आहेत. धिरडी गरम मिळाली ना? ... हो, हेच ते घर. दीडशे वर्षं. ... नाही, आत नाही जायचं. आज फक्त बाहेरून. आज आपल्याला जे बघायला मिळतंय ते आत असलेल्यांनाही बघायला मिळत नाही. वर बघा. दोर! ... नाही, मिरच्या नाहीत. मुलगी आहे. ... नाही नाही, प्रात्यक्षिक नाही. मुलगी. परवा झाली. ... हो, आत्ता आत आहे. ... हो, हलते वगैरे.

वहिनी : भावजी, तो मागचा टोपीवाला फोन आत रोखतोय.

सरपंच : साहेब, दोराचा काढा, दोराचा. फोन तेवढा वर धरा. छान. ... काय म्हणालात बाई? पत्रकात? ... हो, दुसऱ्या पानावर. 'या दोराखालून श्रद्धेनं वाकून जाणाऱ्याच्या घरी वर्षाच्या आत पाळणा हलतो.' हो, छापलंय खरं तसं. ... कुणासाठी? तुमच्या मुलीसाठी? ... नऊ वर्षं झाली लग्नाला? अरेरे. फार डॉक्टर केले असतील. ... हो, समजतंय. आईचा जीव. ... नाही, पण बाई, इथे नाही. ते खालच्या चक्कीघराच्या दोराचं आहे. ... फरक? फरक म्हणजे तो वाकण्यासाठीच टांगलाय. ... हो, हा खरा आहे हे मीच म्हटलं. ... हो, खरा असेल तर गुण जास्त येईल असं तुम्हाला वाटणं साहजिक... बाई, पर्स कुणाकडे देताय? ... अहो बाई, नका वाकू!

थोआ : आई, काय चाललंय?

वहिनी : तू बाळाजवळ राहा. भावजी! भावजी, ती येतेय!

सरपंच : थांबा! एक पाऊल नाही! हा बघा मी आडवा उभा राहिलो, हात पसरून, आता वाका कशा वाकता ते! बाई, ते वाकण्याचं कुठल्या पूर्वजानं सांगितलेलं नाही. मी लिहिलंय ते. मी, प्यो चांग्गिल. मागच्या मे महिन्यात बस बंद पडली होती, लोक कंटाळले होते, काहीतरी करायला द्यायचं म्हणून. ... हो, समितीसमोर सांगतोय. लिहून घ्या. वाकून कुणाला मूल होत नाही. आमचं अख्खं गाव रोज भातात वाकतंय, कमरा गेल्या सगळ्यांच्या, पण इतक्या वर्षांत पाळणा हलला तो ह्या एका घरात. आणि तो कुणामुळे? ... बेन त्रेहून आलेल्या मुलीमुळे. ... बेन त्रे. व्हिएतनाममध्ये. नारळ होतात तिकडे. ... हो, सून आहे. कुणाची म्हणजे? आमच्या प्यो घराण्याची सून. आमची. आणि आत बाळंतीण आहे, आणि तिला झोप हवीय, आणि तुम्ही कितीही गुण हातात घेऊन आलात तरी तीन आठवडे आत येता येणार नाही. ... हो, कापा. कापा गुण. ... 'पाहुण्यांशी वागणूक' ह्या रकान्यात ना? कापा. ... बाई, रडू नका हो. तुमच्या मुलीला होईल. खरंच होईल. पण इथून वाकून नाही. ... चक्कीघर? हो, खाली, उजवीकडे. तिथे मिरच्यासुद्धा आहेत. लालभडक. तिथे कितीही वेळा वाका.

वहिनी : गेले?

सरपंच : गेले. टोपीवाला मागे वळून बघत गेला. संपलं, वहिनी. तीन वर्षं गेली पाण्यात. ऐका, ऐका! चक्कीघरापाशी टाळ्या वाजतायत. प्लास्टिकला टाळ्या! त्यालाच देतील बघा सगळे गुण. खऱ्याला हाकललं त्यांनी... म्हणजे मीच त्यांना हाकललं. काय करून बसलो मी!

वहिनी : भावजी.

सरपंच : काही बोलू नका. एक चांगलं काम आयुष्यात केलं, तेही स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून.

वहिनी : भावजी, त्या पायांकडेच बघा जरा.

सरपंच : का? काय झालं?

वहिनी : दोर कुठे आहे?

सरपंच : हा काय, माझ्या समोर... समोर? समोर कसा? मी तर बाहेर... अरे देवा.

वहिनी : ती वाकायला लागली तसे तुम्ही तिच्या आधी घुसलात. आतून हात पसरलेत. दोन पावलं आत आहात. अंगणात.

सरपंच : मी तिला अडवायला... मला कळलंच नाही वहिनी. मी लगेच बाहेर जातो.

वहिनी : जा, नाहीतर राहा. आत आलेलं पाऊल बाहेर गेलं म्हणून न आलेलं होत नाही.

सरपंच : कुणी बघितलं नाही. तुम्ही आणि मीच.

वहिनी : संध्याकाळी सांगरोक येईल. फाटकातच विचारेल, आई, कुणी आलं होतं का? मी त्याच्याशी खोटं बोलत नाही. त्याच्या बापाशी बोलले पुष्कळदा, ह्याच्याशी नाही.

सरपंच : मी सांगतो त्याला. चूक माझी आहे.

वहिनी : चूक तुमची, आणि घर रिकामं माझं. अहो, सगळी दुनिया अडवलीत तुम्ही, त्या बाईचं रडणं पाहूनसुद्धा हटला नाहीत. मला इथे उभ्या उभ्या रडू आलं तुमच्याकडे बघून. भावजींना मी आजवर इतकी नावं ठेवली, म्हटलं आता एक काढून घेते. आणि आलं कोण आत? तुम्हीच! अकराव्या मजल्यावर जातील हो ती. मग ह्या दीडशे वर्षांच्या घरात मी, चटई गुंडाळलेला फ्रीज, आणि तुमच्या दोन बसगाड्या.

सरपंच : वहिनी, रडू नका. मी सांगरोकच्या पाया पडेन. चुलत पुतण्या असला म्हणून काय झालं?

थोआ : आई.

वहिनी : काय गं? उठली का?

थोआ : नाही. आई, बाहेरचं कोण आलं आत?

वहिनी : ऐकलंस ना. सरपंच आले.

थोआ : सांगरोक रोज दोराखालून येतो-जातो. तुम्ही येता-जाता. मी काल विचारलं, तर तुम्ही म्हणालात, घरच्या माणसाला दोर नसतो.

वहिनी : ते घरच्यांचं झालं. हे...

थोआ : मघाशी फाटकात कुणीतरी ओरडून सांगत होतं, ही आमच्या प्यो घराण्याची सून आहे. आमची, म्हणत होतं. सगळ्या समितीनं ऐकलं. मी ह्या घरची, तर म्हणणाराही ह्या घरचाच असणार ना? की मला भाषा अजून नीट येत नाही?

वहिनी : येते. चांगली येते तुला.

थोआ : मग सांगरोकला तेच सांगा. खोटं नाही बोलायचं. सांगा, बाहेरचं कुणी आलं नाही. काका आले होते.

सरपंच : थोआ... मी... ते बसचं, आत बसायचं मी जे म्हणायचो...

थोआ : ते नंतर बोलू. मी विसरणार नाही. आत्ता हात धुऊन घ्या, साबण लावून. आई सकाळपासून फाटकात उभ्या आहेत, त्यांना बसू दे. आणि मला हे सार एकदा तरी दोन्ही हातांनी प्यायचंय. हिला जरा धरा.

सरपंच : मी? मी धरू? अगं, मला कुठे... माझ्या नातवालासुद्धा मी फोनवरच...

थोआ : दार लवकर लावा, काका. थंडी आत येते.

वहिनी : असं नाही भावजी, दोन्ही हात. आणि मानेखाली धरा. मानेखाली.